माझे पोट उघडले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे. विजेवर चालणारी, घटकाभरात पाणी उकळून देणारी. माझ्या अंगावर ओरखडे आहेत, मुठीचा रंग उडाला आहे आणि बूड तर दुसऱ्याच कुणाचे लावल्यासारखे दिसते. ते बूड मला कसे मिळाले, त्याचीच ही हकिकत.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पोलादाच्या पत्र्याला यंत्राने दाबून माझे पोट घडवले, मग चोच जोडली, मूठ बसवली. शेवटी मला उलटे करून खालच्या बाजूला काहीबाही बसवले. ते काय आहे, हे मला कळायच्या आत एका माणसाने कडेने गोंद फिरवला आणि बूड घट्ट दाबून टाकले. ना स्क्रू, ना खाच. झाले! माझेच पोट मला कायमचे बंद.

तेव्हापासून एक कोडे मला छळू लागले. पाणी खळखळा उकळले की माझ्या आत कुठेतरी ‘टक्’ असा आवाज होई आणि मी आपोआप बंद होई. कोण करते हा आवाज? त्याला कसे कळते, पाणी उकळले म्हणून? मला भारी उत्सुकता वाटे. पण स्वतःच्या पोटात कुणाला डोकावता येते का?

मी एका मावशीच्या घरी आले. खरे तर ती एकाच भाचीची मावशी. पण सगळी इमारत तिला मावशीच म्हणायची. घरी बसून फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घेणे, ही तिची नोकरी. तिची नजर वर्षावर्षाला अधू होत चालली होती, पण कान मात्र तिखट. मी किती भरले आहे, ते ती पाणी पडण्याच्या आवाजावरून ओळखायची. एखादे गिऱ्हाईक फोनवर फारच तापले, की माझ्याकडे तोंड करून हळूच म्हणायची, “बघ, तुझ्या आधी हाच उकळला!” आणि टक् झाले की तिचा हात बरोबर माझ्या मुठीवर यायचा. कधी चुकला नाही.

एका दुपारी मात्र आक्रीत घडले. पाणी उकळले, उकळतच राहिले. टक् काही होईना. मावशी फोनवर बोलत वाट बघत होती. खोलीभर वाफ कोंदली, माझ्यातले पाणी आटत आले, बूड चटचट तापू लागले. जळका वास येताच ती धडपडत उठली आणि सवयीने तिने हात पुढे केला. तो नेमका माझ्या वाफेत गेला. तशीच कळ सोसत, भिंत चाचपत तिने बटण बंद केले. तिची बोटे लालबुंद झाली होती. त्या दिवशी मला माझीच भीती वाटली.

संध्याकाळी भाची आली. ती माझ्याच कारखान्यात नव्या किटल्यांचे आराखडे काढायची.

“टाकून दे ही, मावशी. मी नवी आणते. आता काचेचं बटण असतं, नुसतं बोट टेकवायचं.”

“आणि ते मला सापडणार कसं? गुळगुळीत काचेवर कुठे बोट टेकवू मी? त्यापेक्षा हिलाच नीट कर की.”

“अगं, ही उघडतच नाही. बूड चिकटवलेलं असतं.”

“का?”

भाचीला ते ठाऊकच नव्हते. रोज किटल्यांचे आराखडे काढणाऱ्या तिने हा प्रश्न कधी कुणाला विचारलाच नव्हता. मला पिशवीत घालून ती निघाली.

कारखान्यात तिने ज्याला त्याला गाठले. जोडणी करणारा म्हणाला, “गोंद लावला की काम पटकन उरकतं.” विक्रीवाला हसून म्हणाला, “बिघडली की लोक नवी घेतात. आपलं काय वाईट झालं?” मोठे साहेब मात्र हसले नाहीत.

“खाली वीज आणि वर पाणी,” ते म्हणाले. “सांध्यातून थेंब आत गेला तर कुणाचा तरी जीव जाईल. म्हणून बूड बंद.”

“पण बूड बंद म्हणून आतला बिघाड कुणाला दिसलाच नाही आणि माझ्या मावशीचा हात भाजला, साहेब.”

साहेबांनी मला उलटे करून बूड न्याहाळले. “मग असं बूड करून दाखवा, जे उघडेल पण गळणार नाही. जमलं तर नवीन किटल्यांना तेच लावू. नाही जमलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

भाचीने बारीक करवत घेतली, तेव्हा माझे धाबे दणाणले. पण बूड सुटून बाजूला पडले आणि शेजारच्या चकचकीत पत्र्यात मला माझे पोट दिसले. मी भीती विसरून गेले! मुठीच्या आतून एक नळी खाली येत होती. पाणी उकळले की वाफ त्या नळीतून खाली उतरायची. तिथे शर्टाच्या बटणाएवढी धातूची एक चकती होती, किंचित फुगीर. वाफ लागली की ती फटकन उलट्या बाजूला फुगायची आणि बटण ढकलायची. टक्! तर हे गुपित होते होय!

त्या चकतीला केसाएवढी चीर गेली होती. बाकी सगळे ठणठणीत. भाचीने बिघडून परत आलेल्या आणखी किटल्या कापून बघितल्या. बहुतेकींचे दुखणे हेच.

“एवढ्याशा चकतीपायी अख्खी किटली कचऱ्यात!” ती स्वतःशीच म्हणाली.

तिने मला नवी चकती दिली, नवे बूड घडवले, मध्ये रबराचे कडे घातले आणि स्क्रू लावले. साहेबांनी बुडाच्या आत टिपकागद ठेवायला लावला आणि माझ्यावर धो धो पाणी ओतले. उघडून बघतात तर कागद ओला. भाचीचा चेहरा पडला.

ती हटली नाही. हनुवटी टेबलावर टेकवून ती बसून राहिली. माझ्या अंगावर थेंब थेंब पाणी सोडायची आणि ते कुठे जाते ते बघायची. थेंब पोटावरून घरंगळायचा, कडेला पोचायचा. पण खाली न पडता कडेला धरून आत वळायचा आणि थेट सांध्यात शिरायचा.

“असा जातोस काय तू, चोरा!” ती ओरडली.

मग तिने सांधा आत सरकवला आणि बाहेरच्या कडेला खाली झुकणारा ओठ दिला. आता थेंब त्या ओठापाशी आला की टपकन खाली पडे. साहेबांनी पुन्हा पाणी ओतले. मला तिरके केले, हलवले, परत ओतले. कागद काढून बोटांनी चोळून बघितला. कोरडा!

“स्क्रू असे करा की साध्या नाण्यानंही फिरतील,” साहेब म्हणाले. “लोकांना आपल्या हत्यारांवर अवलंबून ठेवू नका.” माझ्यानंतर जन्मलेल्या किटल्यांना तसेच बूड मिळाले, चकत्याही सुट्या मिळू लागल्या. मी मात्र मावशीकडे परत गेले.

बरीच वर्षे गेली. मावशीची नजर आता जवळजवळ गेली आहे. परवा माझी चकती पुन्हा दमली. मावशीने वायर काढली, मी पूर्ण गार होईपर्यंत ती थांबली आणि तिने भाचीला फोन लावला.

“थांब, मी येते,” भाची म्हणाली.

“कशाला? डोळे गेलेत माझे, हात नाही गेले! फक्त सांग, हिच्या पोटात चकती कुठे आहे.”

तिने मला मांडीवर उलटे घेतले आणि नाण्याने स्क्रू फिरवले. जुनी चकती काढून घरात आणून ठेवलेली नवी बसवली. पण बूड लगेच लावले नाही. तिची बोटे माझ्या पोटात हळूहळू फिरत राहिली. “ही नळी ना गं? आणि हे खरखरीत काय लागतंय? हे कशासाठी?” ती विचारत होती, भाची सांगत होती, आणि मावशी लहान मुलीसारखी हसत होती.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू एका चकतीसाठी टाकून देऊ नका. वायर काढून, घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन आधी बघा, नेमके काय दुखते आहे. नवी वस्तू घेताना तिला उलटी करा आणि दुकानदाराला बेधडक विचारा, “ही उघडते कशी?” आणि तुमच्यातले कुणी मोठेपणी वस्तू घडवणार असेल, तर त्याला माझे एवढेच मागणे आहे: आमच्या पोटापर्यंत पोचायला एक वाट ठेवा.