साठ जणांचं ‘हो सर’

लेकरू शिकायला बाहेरगावी गेलं की आपल्याकडे घरचे दोनच प्रश्न विचारतात. जेवलास का, आणि बरं आहे ना. दोन्हींचं उत्तर आधीच ठरलेलं असल्यामुळे विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला कसलीच तकलीफ होत नाही.

गोरेगावच्या जनकाबाईची दीक्षा दोन हजार एक साली हिंगोलीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला लागली. घरातली कॉलेजात जाणारी पहिलीच. निघण्याआधी विहारात सत्कार झाला, तीन भाषणं झाली आणि तिन्ही भाषणांत ती डॉक्टर झाली. बी.एस्सी. करून तसले डॉक्टर होत नाहीत, हे कोणी बोललं नाही. सत्कारात असं बोलत नसतात.

बारावीपर्यंत गोरेगावचे सर इंग्रजी पुस्तक मराठीतून समजावून सांगत. इथले सर इंग्रजीतून शिकवत, तेही फळ्याला. तास संपताना वळून विचारत, “समजलं का?” साठ जण म्हणत, “हो सर.” त्यात दीक्षाही म्हणायची.

पहिल्या महिन्यात तिला भीती वाटली. दुसऱ्यात रडू आलं. तिसऱ्यात काहीच वाटेना. वसतिगृहातल्या कॉटवर बसून ती भिंतीकडे बघायची. भिंत पिवळी होती. भूक लागायची बंद झाली, तेही तिच्या लक्षात आलं नाही.

जनकाबाई रोज सकाळच्या बसमध्ये डबा ठेवायची. दीक्षा नऊ वाजता स्टँडवर तो घ्यायची आणि रिकामा डबा दुपारी दोनच्या परतीच्या गाडीत द्यायची. कंडक्टर अमृतराव डब्यांची ही ने-आण बिनतक्रार करायचे.

एका दुपारी त्यांच्या हाताला डबा जड लागला. उघडून पाहतात तो दोन भाकरी आणि मेथी, जशीच्या तशी. हे जनकाबाईला दिसलं तर ती रडेल, म्हणून सेनगावच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा अमृतरावांनी ते खाऊन टाकलं. दुसऱ्या दिवशीही तेच. लख्ख रिकामा डबा बघून जनकाबाई हरखली. “पोरगी चांगली जेवून राहिली!” म्हणत तिनं एक भाकरी वाढवली. अमृतरावांनी तीही खाल्ली. बाराव्या दिवशी भाकरी चार झाल्या आणि अमृतरावांच्या खाकी पँटचं बटन तुटलं.

तेराव्या दिवशी दीक्षा डब्याबरोबर पत्र्याची पेटी घेऊन आली.

“मामा, एक गोरेगाव द्या.”

“सुट्टी हाय का?”

“न्हाई. कॉलेज सोडलं.” घड्याळात किती वाजले ते सांगावं, तसं तिनं सांगितलं.

“काहून?”

“समजत न्हाई.”

“कोणाला सांगितलं तसं?”

“कोणालाच न्हाई. वर्गातले साठच्या साठ हो सर म्हणतेत. मलाच समजत न्हाई.”

अमृतराव खाली उतरले. “पोरी, बारा दिस तुझ्या मायच्या हातचं मी जेवून राहिलो.”

दीक्षानं बऱ्याच दिवसांनी कोणाच्या तरी तोंडाकडे नीट बघितलं. “तुमी?”

“मंग कोण? भरला डबा घरी गेला असता तर माय धावत आली असती. मी तो रिकामा नेला, वरून सांगितलं, पोरगी खुशाल हाय. तुझ्या वर्गातले साठ खोटारडे, अन् एकसष्टावा मी! आता ऐक. गाडी आवाज करून राहिली तर डायवर डेपोत लिहून देतो. न्हाई दिलं तर मेकॅनिक हात बी लावत न्हाई. तू बिघाड सांगितलाच न्हाई, अन् गाडी डायरेक भंगारात घालून राहिली!”

“समदे हसतीन, मामा.”

“हसू दे. तीनचा तास हाय ना? एकडाव सांगून बघ. मंग उद्याची गाडी हायेच. अन् डबा आत्ताच खा. माझ्याच्यानं आता व्हत न्हाई.”

ती अर्धी भाकरी खाऊन तासाला गेली. तास संपताना सर वळले. “समजलं का?”

“हो सर,” एकोणसाठ जण म्हणाले.

“न्हाई सर.”

सरांनी खडू खाली ठेवला. “मग तीन महिने काय करत होतीस?”

“हो सर म्हणून राहिले होते, सर.”

वर्ग खदखदून हसला. तेवढ्यात मागच्या बाकावरचा संतराम उभा राहिला. “सर, मला बी न्हाई समजलं.” हसणं थांबलं. मग पुनम उठली. मग एकेक करत सगळेच! बसून राहिले फक्त चौघं, आणि त्यातले दोघं ‘हो सर’ म्हणून पुन्हा झोपले होते.

“मला वाटलं, तुम्हाला समजतंय,” सर म्हणाले. मग डस्टर उचलून म्हणाले, “नाही. मला माहीत होतं.” त्यांनी फळा पुसला आणि पहिला धडा पुन्हा घेतला. मराठीतून!

शनिवारी दीक्षा घरी गेली आणि तिनं आईला सगळं सांगितलं. चार भाकरी कोणी खाल्ल्या, तेही. जनकाबाईनं भाकरीचं ताट तिच्यापुढे सरकवलं.

“अन् आता?”

“आता निम्मं समजून राहिलं.”

“मंग निम्म्यापुरती तरी सोमवारी जा. उरलेलं न्हाई समजलं तर मला येऊन सांग. मला बी समजणार न्हाई, पर तू एकटी तर न्हाई राहणार!”

सोमवारी दीक्षा गेली.

नागरिकहो, कॉलेजच्या पहिल्या वर्षी तग धरायला हुशारी लागते, असा आपला समज आहे. लागते थोडी. पण त्याआधी ‘मला समजत नाही’ हे ऐकून घेणारं एक माणूस लागतं. तुमचं लेकरू बाहेरगावी शिकत असेल, तर या शनिवारी त्याला मार्क विचारू नका. काय जमत नाही ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत जागचे उठू नका.