मिस आल्विनाचा धाडधाड दरवाजा

धाड! ऐकलंत, मित्रांनो? तो मीच! टेक्सासमधल्या एका चिमुकल्या गावात, कोर्टासमोरच्या चौकात, मिस आल्विनाचं खिळे, दोर, बी-बियाणं असं सगळं मिळणारं दुकान आहे ना, त्याचा मी जाळीचा दरवाजा. तिच्या आजोबांनी मला नदीकाठच्या सायप्रस झाडाच्या लाकडातून घडवलं. माझी स्प्रिंग तेव्हापासूनच तापट!

दुपारी अख्खा चौक पेंगतो. पेकानच्या झाडाची सावली माझ्या जाळीतून आत झिरपते, सोनेरी धूळ तरंगत राहते, आणि मला वाटतं, मी दरवाजा नाहीच, नदी आहे, सगळं गाव माझ्यातून वाहतंय.

आणि गंमत सांगू? प्रत्येक जण मला वेगळ्या तऱ्हेने आपटतो! गुरंवाला म्हातारा हार्लन आधी पायरीवर दोनदा बूट झाडतो, मग धाड! "ये हार्लन, कुंपणाची तार ना?" मिस आल्विना मान वर न करताच म्हणते. कारण, कुणाला सांगू नका हं, तिला आता जवळजवळ दिसतच नाही. गावाला ठाऊक आहे. म्हणून तर सगळे मला मुद्दाम जोरात आपटतात!

पण ह्यूस्टनहून तिची लेक कोरीन आली. "ममा, माणसं ओळखू येईनाशी झाली की दुकान बंद. माझ्याकडे यायचं!" मग माझी आदळआपट बघून दया येऊन तिने बिजागऱ्यांना तेल घातलं, चौकटीला मऊ पट्टी चिकटवली, पायरीवर जाड पायपुसणं टाकलं. मी पार मुका झालो हो!

सकाळी हार्लन आला. ना बूट, ना धाड. कोरीनने ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं. "ममा, सांग, कोण आलंय?"

मिस आल्विनाचा हात काउंटरवर चाचपडला. "ऊन डोळ्यांवर येतंय गं..."

हार्लनने काय केलं माहितीये? खिशातला चाकू काढला, माझी पट्टी टराटरा सोलली, बाहेर जाऊन पायपुसणं लाथाडलं. ठप, ठप, धाड!

"हार्लन! इतका उशीर?"

"खेचर अडून बसलं होतं, मिस आल्विना."

"तुझंच ना? मग अडणारच!"

कोरीन कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग गुपचूप बाहेर गेली, आणि लहानपणी शाळेतून यायची तशी धावत आत शिरली. मोठी धाड, मागोमाग टाच अडकून छोटीशी ठक!

"कोरीन! हजारदा सांगितलं, दार आपटू नकोस!"

कोरीन हसतही होती, डोळेही पुसत होती. रविवारी ती एकटीच ह्यूस्टनला परतली. तेलाचा डबा मात्र सोबत घेऊन गेली.

मित्रांनो, आम्हा म्हाताऱ्यांना रंग द्या, फाटकी जाळी बदला. पण आमची कुरकुर बंद करण्याआधी विचारा, ती कुणाला हवीये का. आणि इथे आलात तर? आपटा बिनधास्त! आत कुणीतरी कान देऊन बसलंय.