ताग्यांच्या खोलीचे कुलूप

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे. मला घडवणाऱ्या कारागिराने दहा वेळा किल्ली फिरवून पाहिली, तेव्हा कुठे त्याचे समाधान झाले. एका शिलाई कारखान्याच्या मालकाने मला विकत घेऊन कापडाचे तागे ठेवायच्या खोलीला लावले. अकरा वर्षे माझ्या नकळत एक चिंधीही बाहेर गेली नाही. मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "हे कुलूप आहे म्हणून मी निवांत घोरतो." ते ऐकून मी फुगून जात असे.

मग ती दुपार आली. मालक बाहेरगावी गेले होते आणि कापड बेतायची मोठी कात्री सापडत नव्हती. सकाळी शर्टांना गुंड्यांची काजे करणाऱ्या बाईंच्या हातात सुपरवायझरने ती पाहिली होती. एवढे निमित्त त्याला पुरले. त्याने बाईंना खोलीत नेले.

"आत बस. कात्री कुठंय ते आठवलं की हाक मार," असे म्हणून त्याने मला लावले आणि किल्ली खिशात टाकली.

आजवर मी ताग्यांची राखण केली होती. त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्यामागे माणूस होते. खोलीला खिडकी नव्हती. बाईंनी दार बडवले, कात्री घेतली नसल्याच्या शपथा घेतल्या, मग त्या ताग्यांना टेकून खाली बसल्या.

दीड वाजता त्यांची नणंद आली. बाईंचे सहा महिन्यांचे बाळ दूध पाजायला ती रोज याच वेळी आणत असे. या दोघींचे घरात तव्यावरून नि टोपावरून खटके उडतात, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होते.

"वहिनी कुठंय?" तिने विचारले. शिलाई यंत्रे थांबली. माना खाली गेल्या. तेवढ्यात बाळ रडू लागले.

"अगं, मी इथं आहे!" आतून आवाज आला.

"चौकशी चाललीय," सुपरवायझर म्हणाला. "कबूल केलं की सोडतो."

बाळाचा आवाज चढत गेला. बाईंना आत राहवेना. "साहेब, हवं ते लिहून देते, पण दार उघडा!"

"वहिनी, खबरदार!" नणंद ओरडली. "न केलेलं कबूल करायचं नाही. मी आलेच!" शेजारच्या शिलाईवाल्या मावशींच्या हाती बाळ देऊन ती थेट पोलीस चौकी गाठायला धावली.

अर्ध्या तासात फौजदारबाई दारात उभ्या राहिल्या.

"मी काय तिला पळवून नेलं का? इथंच तर आहे ती," सुपरवायझर म्हणाला.

"पळवून नेणं हा वेगळा गुन्हा. माणसाला कोंडून ठेवणं हाही गुन्हाच. किल्ली काढा."

"आणि तिनं खरंच कात्री चोरली असेल तर?"

"तर आम्हाला बोलवायचं. तिला कोंडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

किल्ली फिरली. बाई बाहेर आल्या, त्यांनी बाळ घेतले आणि सगळ्यांकडे पाठ करून तिथेच उंबऱ्यावर त्याला पाजायला बसल्या. नणंद पदर धरून आडोशाला उभी राहिली.

मला चिठ्ठी बांधून पुरावा म्हणून कोर्टात नेले. दार नुसते लोटलेले होते, बाई आपखुशीने बसल्या होत्या, असे सुपरवायझरच्या वकिलांनी सांगितले. पण किल्ली त्याच्याच खिशातून निघाल्याचे पंचनाम्यात लिहिले होते. त्या दुपारी माना खाली घालणाऱ्यांपैकी तिघी साक्षीला आल्या आणि खरे तेच बोलल्या. सुपरवायझरला शिक्षा झाली. कात्री मात्र शेवटपर्यंत सापडली नाही. न्यायाधीश म्हणाले, ती कोणी नेली याच्याशी या खटल्याचा संबंध नाही.

मला परत न्यायला कोणी आले नाही. कोर्टाच्या मुद्देमालाच्या कपाटात मी गंजत पडले आहे. मित्रांनो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मागणे एकच आहे. कुठल्याही दाराला कुलूप लावलेले दिसले आणि आतून माणसाची हाक आली, तर त्याने काय केले हे विचारत बसू नका. आधी दार उघडायला लावा.