आण्णांचं प्रथिन

वनिता सुट्टीत मांजरसुंब्याला आली होती. सकाळी तिचे वडील, आण्णा, तापलेल्या बंबाला पाय टेकवून तिच्याशी बोलत बसले होते. कातडी जळाल्याचा वास तिला आला. आण्णांना काहीच कळलं नव्हतं.

"चटका न्हाई लागला?"

"पाय माझे न्हाईतच आता. लाकडावानी झालेत."

शहादेव आण्णांनी आयुष्यभर जीप चालवली होती. शुगर तपासून झाली, ती नव्हती. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी शेवटी जनुकांची तपासणी करायला लावली. निकाल वनिताच्या मोबाइलवर आला. शरीरातली प्रथिनं आपली घडी कशी घालतात, हे संगणकावर मांडून बघायचं, हेच तिचं पुण्यातलं काम.

आण्णांचं बिघडलेलं प्रथिन तिला वाचून माहीत होतं. चार तुकडे एकमेकांना धरून असतात. आण्णांच्यात एकच दुवा बदललेला होता. त्याने तुकडे सुटतात, चुकीची घडी घालतात आणि त्यांचे धागे नसांवर साचून पाय बधिर होतात.

पुण्याला गेल्यावर तिने तो बदल संगणकात घातला आणि उष्णता वाढवत नेली. निरोगी प्रथिन त्याच उष्णतेला टिकलं. आण्णांचं सुटलं. ती बघत राहिली. मैत्रिणीने जेवायला हाक मारली तेव्हा उठून गेली, जेवली.

पुढच्या खेपेला तिने घरी सगळं सांगितलं.

"मंग हे माझ्या अंगात कवापासून?" आण्णांनी विचारलं.

"जल्मापासून. तरास उशिरा होतो."

धाकटा भाऊ बाळू दारात उभा होता. "म्हंजी आमच्यात बी?"

"असंल न्हाईतर नसंल. निम्मं निम्मं."

आण्णा पायाची पट्टी सारखी करत राहिले.

दोघा भावंडांनी तपासणीसाठी रक्त दिलं. निकाल वनितानेच आधी वाचले. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. तिने बाळूला फोन लावला.

"बाळू, तुझ्यात हाय."

"अन् तुझ्यात?"

"न्हाई."

पलीकडून हायवेवरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत राहिले.

"बरं झालं," बाळू म्हणाला. "आण्णाला मी सांगतो. तू नको सांगू."

"गोळी हाय. ते तुकडे धरून ठेवती."

"आण्णाचे पाय येतील?"

"गेलेलं येत न्हाई. पुढचं हळू होतं."

बाळूने आण्णांना कसं सांगितलं, ते तिने कधी विचारलं नाही. पुढच्या महिन्यात तिघं गोळ्यांसाठी अंबाजोगाईला निघाले. बाळू गाडी चालवत होता, आण्णा त्याच्या शेजारी, ती मागे. दवाखान्याच्या दारात उतरताना आण्णांनी बाळूच्या खांद्यावर हात ठेवला.

"बघ रं, चप्पल हाय का माझ्या पायात?"

बाळूने वाकून पाहिलं.

"हाय," तो म्हणाला. "चला."