हातसडीचे तांदूळ

मी उखळ बोलतोय. वडगावात विणकरांच्या आळीत एका घराच्या मागच्या अंगणात मी गळ्यापर्यंत पुरलेला आहे. नवखी माणसं मला साधा दगड समजून माझ्यावर पाय देऊन जातात. त्यांना काय बोलायचं? बोलायचं आहे ते या घरातल्यांशीच, पण तुम्हीही ऐका.

भरमू पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवलं. रुक्माबाई या घरात नवी सून होती तेव्हा मी बैलगाडीतून इथे आलो. तिने मला हळदकुंकू लावलं आणि दुसऱ्या दिवसापासून जे कांडायला लागली, ते तिचा मुलगा सुबराव मोठा होऊन त्याची बायको सत्यवती घरात येईपर्यंत. मग मुसळ सुनेच्या हाती गेलं.

सत्यवती खानापूरकडची. तिकडे भातशेती. तिचा भाऊ परशराम सुगी झाली की गाडीभर भात आणून टाकायचा. सत्यवतीला गाणंबिणं येत नसे. मुसळाबरोबर नुसती हुं हुं करायची, आणि तेच मला गोड लागायचं. तिने कांडलेले तांदूळ तांबूस दिसत. त्यांचा भात शिजला की सगळं घर आधी त्यातून निथळलेली पेज वाटी वाटी प्यायचं, मग कामाला लागायचं.

पण विणकराच्या घरात हातांचं एक दुखणं असतं. कांडून कांडून सत्यवतीच्या तळहाताला घट्टे पडले. साडीच्या काठाचं रेशीम गुंडाळायला बसली की धागा घट्ट्याला अडकायचा आणि तुटायचा. सासू कुरकुरायची. सुबराव मात्र एके दिवशी बायकोचा हात हातात घेऊन बघत बसला. फार मायाळू माणूस.

गावात तेव्हा भाताची गिरणी नवी आली होती. तो म्हणाला, "उद्यापास्नं भात गिरणीत घालतो. तू कांडायचं न्हाय."

गिरणीतून तांदूळ आले ते मोगऱ्याच्या कळ्यांसारखे पांढरेशुभ्र. कोंडा गिरणीवाल्याकडेच राहिला. रुक्माबाई तर हरखून गेली. त्या तांदळाची पेजही पांढरी. तांबूस पेज सुताला डाग पाडते म्हणून पूर्वी खळीसाठी पीठ वेगळं शिजवावं लागे. आता पेजेचीच खळ करून सुताला द्यायची, सूत कसं कडक आणि स्वच्छ! घरात कुणी पेजेची वाटी मागितली तर म्हातारी म्हणायची, "सुताला पुरू दे की आधी."

माझ्यावर फळी पडली. मला रागही आला होता, खोटं कशाला बोलू? पण सत्यवतीचे हात मऊ झाले होते. ते पाहून मी राग गिळला.

वर्ष सरलं. सुबराव मागाखालच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यातून उठला की पाय झटकायचा. मुंग्या येतात म्हणायचा. खड्ड्यातल्या ओलीने होतंय असं सगळ्यांनी ठरवलं. खड्ड्यात निखाऱ्याची शेगडी ठेवून झाली, तेल चोळून झालं. मग पाय सुजले. माझ्यावरच्या फळीवर बसून तो उन्हात पाय शेकायचा. बोटाने दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. चार पावलांत धाप लागायची. तो माझ्यावर बसलेला असायचा आणि मला काहीच करता येत नव्हतं.

शेवटी त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. परत आल्यावर सत्यवती तडक अंगणात आली आणि फळी ओढायला लागली.

"काय म्हणालं डॉक्टर?" रुक्माबाईने विचारलं.

"गिरणीचं तांदूळ बंद करा म्हणाले, आत्या. तांदळातला कस सगळा कोंड्यात जातोय. उरलेला पेजंत जातोय."

"आणि पेज आपण सुताला घालतोय."

"व्हय."

म्हातारीने पुढे होऊन फळीचं दुसरं टोक धरलं.

सत्यवतीने माझ्यात भात ओतलं. वर्ष उलटून गेल्यावर मुसळ पडलं आणि तिच्या मऊ हातांना पहिल्याच घाण्यात फोड आले. आतून सुबरावाचा धापलेला आवाज आला, "अगं, हात खराब हुतील."

"हुंदेत," ती म्हणाली आणि कांडत राहिली.

मीही जीव लावून साथ दिली. कधी नव्हे ते दाणे भराभर सुटले. ती सुपात पाखडत होती, तोवर रुक्माबाई आत जाऊन आली. तिने सुनेच्या हातातलं सूप धरलं.

"ठेव आता, बाळ."

"एवढी पेज चढवते, आत्या. ऊन ऊन पाजते."

म्हातारीने सूप सोडलं नाही. तेव्हा सत्यवतीला कळलं, आतली धाप थांबली होती. माझा दगडाचा जीव त्या दिवशी फुटला.

नंतर तिने एक दिवस खाडा केला नाही. तळहात पुन्हा खरखरीत झाले, रेशीम तिच्या हातात कुणी देईना. त्याच हातांनी तिने केदारीला, आपल्या एकुलत्या लेकाला, वाढवलं.

आता तो माग चालवतो. दुसऱ्या महायुद्धापासून घरात रेशनचे पांढरे तांदूळ येतात आणि माझ्यात कोंबड्यांचं पाणी असतं. केदारीच्या बायकोला, बायाक्काला, दिवस गेले आहेत. काल सत्यवतीने ते पाणी उपसलं, मला पुसलं, माहेरून मागवलेलं भात घातलं आणि मुसळ उचललं.

"आत्या, ह्या वयात कशाला? मला चालतंय की रेशनचं," बायाक्का म्हणाली.

"तुला चालंल गं. त्येला चालायचं न्हाय," सत्यवतीने तिच्या पोटाकडे पाहिलं.

थोड्याच घावांत तिला मुसळ उचलवेना. मुसळ भिंतीला टेकवून ती आत जाऊन पडली. भात माझ्यात अर्धवट कांडलेलं आहे. बायाक्का, हाताला घट्टे पडतील, रेशीम तुटेल, सगळं खरं. तरी ये गं बाई, उरलेलं तू कांड.