पस्तिसाच्या खाली

“उम्सुनाय हिच्या आजाराचे निदान होण्यास जो विलंब झाला, तो केवळ घरातील थर्मामीटर सदोष असल्यामुळे झाला.”

जिल्ह्याच्या आरोग्य समितीचे हे विधान नारिनच्या डोंगरांतल्या वरच्या कुरणावर, त्या तरुण सुनेच्या मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी होणाऱ्या जेवणात सर्वांना वाचून दाखवण्यात आले. वाक्य सुबक आहे. त्यात विलंब आहे, पण विलंब करणारा नाही; दोष आहे, पण माणूस नाही. मित्रांनो, तो थर्मामीटर मी. मी एक जुना, पाऱ्याचा थर्मामीटर आहे. बचावाची संधी मला कोणी दिली नाही, म्हणून ती मीच घेत आहे.

उत्तरेकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तो कारखाना आता उरलेला नाही. कारागिराने माझा गळा असा आवळला की एकदा चढलेला पारा झटकल्याशिवाय उतरू नये. मग माझ्या अंगावर पस्तीसपासून बेचाळीसपर्यंत अंश सेल्सिअसचे आकडे उमटले. पस्तिसाच्या खाली काहीच छापले नाही. जिवंत माणूस तिथे जाऊन पोहोचेल, हे माझ्या निर्मात्यांच्या ध्यानातच आले नाही. माझ्यात दोष असेलच तर तो हा, आणि तो काचेचा नसून विद्वत्तेचा आहे. वैद्यकाच्या ग्रंथांत ज्वराला खंडच्या खंड वाहिलेले आहेत. न तापणाऱ्या देहाच्या वाट्याला एखादी तळटीप येते.

बुबुकानच्या घरी मी तिच्या लग्नाबरोबर आलो. सारे कुरण तिला ‘आपा’ म्हणते, म्हणजे आई. तिच्या मुलांचे गोवर, नवऱ्याचा न्यूमोनिया, शेजाऱ्यांच्या पोरांचे घसे, सारे मी पाहिले. मी एकोणचाळीस म्हणालो की सुई टोचली जाई, आणि कोणीही माझ्या प्रामाणिकपणावर शंका घेत नसे. “आमचा पारा खोटं बोलत नाही,” असे आपा अभिमानाने सांगे. वर चढणाऱ्याचे कौतुक सर्वत्रच होते.

तिचा मुलगा मेदेर याची बायको उम्सुनाय. हिवाळ्यात गावच्या दवाखान्यात, डॉक्टर रिसबेकच्या देखरेखीखाली ती बाळंत झाली, मुलगी झाली, रक्त फार गेले. घरी आली तेव्हा छातीत दुधाचा थेंब नव्हता. चरबीदार रश्शासाठी मेंढी कापली, तरी दूध उतरले नाही. उन्हाळ्यात सगळे कुरणावर आले. बायका बाह्या सरसावून दुभत्या घोड्यांचे दूध काढत होत्या, आणि उम्सुनाय लोकरीच्या नमद्याच्या तंबूत चुलीला चिकटून दोन कातड्यांखाली कुडकुडत होती. तिच्या भुवया विरळ झाल्या होत्या. बोलणे संथ झाले होते. काखेतले केस गळून गेल्याचे फक्त मला ठाऊक होते.

“अगं ए केलिन, घोड्या ताटकळल्यात,” आपा हाक मारी; केलिन म्हणजे सून. “तू काय पाहुणी आलीस?”

“उठते, आपा. हात माझे नाहीत असं वाटतं.”

शेजारीण हसे. “बुबुकान, ही सून अस्वलाच्या घरून आणलीस का गं? उन्हाळ्यातच निजायला लागली!”

आपाही हसे, पण रात्री तीच सुनेचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसे. तिच्या मते अंगात थंडी शिरली होती. त्यावर इथला उपाय ठरलेला आहे: मेंढी कापायची आणि तिच्या ऊन कातड्यात रोग्याला गुंडाळायचे. तसे केले, आणि नेमका त्याच दुपारी रिसबेक आला. मला काखेत ठेवण्यात आले.

“छत्तीस पूर्णांक सहा!” रिसबेक म्हणाला. “या आकड्यावर घड्याळ लावून घ्यावं. हिला आजार नाही, आळस आहे. आळसावर गोळी निघालेली नाही अजून.”

तो आकडा उम्सुनायचा नव्हता. नुकत्याच मेलेल्या मेंढीचा होता.

दुसऱ्या दिवशी कातडे गार पडले. मेदेरने मला पुन्हा लावले, आणि पारा पहिल्या रेघेपर्यंतही आला नाही. मला खिशात घालून तो घोड्यावरून डॉक्टरकडे गेला.

“दादा, पारा वरच येत नाही. तीनदा बघितलं.”

“मग गेलाय तो. जिवंत माणूस इतका गार नसतो, मेदेर. फेकून दे.”

मेदेरने मला फेकले नाही. पेटीच्या तळाशी टाकले. त्या अंधारात मी ऐकत राहिलो. उम्सुनायचा आवाज दिवसेंदिवस जड होत गेला. मग तिला साधे पडसे झाले आणि ती हाकेला ओ देईना. मेदेरने तिला ट्रकमधून घाटापलीकडे शहरात नेले; तिथले सारे मी नंतर पेटीतून त्याच्याच तोंडून ऐकले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोनच गोष्टी विचारल्या: बाळंतपणात रक्त फार गेले होते का? दूध आले होते का? मग त्यांनी सांगितले की मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, इतर ग्रंथी तिच्या हुकमावर चालतात. रक्त फार गेले की ती ग्रंथीच मरू शकते. मग गळ्यातली ग्रंथी मंदावते, इतरही मंदावतात, आणि देहाची चूल विझत जाते.

“आधी आणली असती, तर रोजच्या गोळ्यांवर म्हातारी झाली असती,” त्या म्हणाल्या.

उम्सुनाय तिथून परत आली ती गुंडाळलेली.

मित्रांनो, ताप चढला की तुम्ही धावता, ते योग्यच. पण जे माणूस उन्हात कुडकुडते, ज्याला उठवत नाही, त्याला आळशी म्हणण्याआधी रक्त तपासून घ्या. न चढणारा पाराही काही सांगत असतो. त्याला झटकून पुन्हा लावा, आणि दुसऱ्या थर्मामीटरशी ताडून पाहा. पण गप्प बसवू नका.

चाळिसाव्याला विधान वाचून रिसबेकने कागदाची घडी घातली. आपाने पेटी उघडली, मला बाहेर काढून झटकले आणि त्याच्यासमोर धरले.

“बटण काढा, डॉक्टर. काखेत धरा.”

“आपा, लोक बसलेत…”

“लोकांसमोरच. माझी सून लोकांसमोरच आळशी ठरली होती. मीही ठरवली होती.”

त्याने मला काखेत धरले. ताटातल्या मांसाला कोणी हात लावला नाही. मग मेदेरने मला काढून उजेडात धरले आणि आकडा वाचला: छत्तीस पूर्णांक सहा.

“आता बोला,” आपा म्हणाली.

रिसबेक बोलला. त्याचे शब्द मी जसेच्या तसे देतो:

“थर्मामीटर चांगला आहे, हे मला त्या दिवशीही माहीत होतं. पारा वर येत नाही म्हटल्याबरोबर काय झालंय ते मी ओळखलं. बाळंतपणात तिचं रक्त वाहत होतं तेव्हा मी खाली जेवायला बसलो होतो. दोनदा बोलवायला आले, मी उठलो नाही. शहरात पाठवली असती, तर रक्त किती गेलं, हेच त्यांनी सगळ्यात आधी विचारलं असतं. म्हणून म्हणालो, फेकून दे.”