टीपकागदावर चढणारा आजार

बुधवारी दुपारी तीन वाजता उल्मेनबाख या जर्मन गावातल्या अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बंब बाहेर काढून त्याच्या जागी साठ खुर्च्या मांडल्या होत्या, तरी मागे माणसे भिंतीला टेकून उभी होती. एवढी गर्दी गावात फक्त सॉसेज फुकट मिळत असताना व्हायची. आज मात्र सगळे आले होते 'हेर', म्हणजे श्रीयुत, त्सिर्फास यांचा चमत्कार बघायला.

हेर त्सिर्फास अंगाने भरदार, हिरव्या लोकरी कोटातले गृहस्थ होते आणि त्यांच्या आवाजात मध ओतलेला होता.

"मंडळी, माणूस खोटं बोलतो. डॉक्टरचं यंत्रही खोटं बोलतं. पण आपल्या हातानं दिलेला ठिपका? तो बिचारा खोटं बोलेलच कसा?"

मग एकेकाने पुढे यायचे. त्यांच्या काळ्या पेनाने टीपकागदाच्या पट्टीवर एक ठिपका द्यायचा आणि पट्टीचे टोक ग्लासातल्या 'डोंगरझऱ्याच्या' पाण्यात बुडवायचे. पाणी हळूहळू कागदावर चढे, ठिपक्यापाशी येई, आणि काळ्यातून आधी पिवळा निघे, मग गुलाबी, सर्वांत वर निळा. हॉलभर 'अगं बाई!' होई.

"पिवळं म्हणजे पित्त. गुलाबी हा सांध्यांतला दाह. आणि हा निळा... फ्राउ क्नॉल, तुमच्या मनात काहीतरी राहून गेलंय."

बेकरीवाल्या क्नॉलबाईंनी लगेच रुमाल काढला. साठी ओलांडलेल्या बाईच्या मनात काहीच राहून गेलेले नाही, असे कधी झाले आहे का? पण हा प्रश्न कोणाला पडला नाही. जो तो थेंबांची तपकिरी बाटली घ्यायला रांगेत उभा राहिला. बाटलीवर हिरव्या अक्षरांत लिहिले होते : 'शंभर टक्के वनस्पतिजन्य. सतरा मुळ्या.'

शेवटच्या रांगेत गेर्लिंडे राउ हाताची घडी घालून बसली होती. गावातल्या फार्मसीच्या मागच्या खोलीत, छोट्याशा प्रयोगशाळेत, ती सत्तावीस वर्षे काम करत होती. कॅमोमाइलच्या चहाचे पोते आले, तर त्यात कॅमोमाइलच आहे ना, हे काचेच्या पट्टीवर ठिपका चढवून तपासल्याशिवाय ते दुकानात जात नसे. सोबत शिक्क्याचा कागद असला तरीही. कायदाच तसा होता. त्यावरून गाव तिची थट्टा करी : "गेर्ली लग्नात नवऱ्याचंही पृथक्करण करून घेईल, म्हणून तर राहिली बिनलग्नाची!"

पण आज तिचे लक्ष ठिपक्यांकडे नव्हते. पहिल्या रांगेत तिची आई ओटिलिए बसली होती. वय शहात्तर, हातात तिसरी बाटली. सहा आठवड्यांपूर्वी, पहिली बाटली घेण्याआधी, जिना चढताना रडणारी आई आता चर्चच्या वरच्या माळ्यावर जाऊन गायनवृंदात गात होती. गालही चांगले गोल झाले होते. "तब्येत सुधारली हो ओटिलिएची!" असे जो तो म्हणे. त्याच सहा आठवड्यांत तिच्या रक्तातली साखर दुप्पट झाली होती. आणि 'मुळ्यांना रसायन सोसत नाही' असे सांगून त्सिर्फास यांनी तिला मधुमेहाच्या गोळ्या बंद करायला लावल्या होत्या.

गेर्लिंडेला ते गाल बघून भीती वाटत होती. असे गोल चेहरे तिने पूर्वी पाहिले होते, एका विशिष्ट औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन येणाऱ्यांचे.

घरी कॉफी आणि आलुबुखाराचा केक पुढे ठेवून तिने विषय काढला.

"आई, या थेंबांत कॉर्टिसोन असणार, दुखणं दाबणारं स्टेरॉइड."

"झालं! त्याच्या बाटलीवर मुळ्या लिहिल्यात."

"मी तपासते ना."

"कशानं? तुझ्या त्या चढणाऱ्या पट्टीनं? तो कागदावर रंग चढवतो, तू काचेवर चढवतेस. मग त्याचं खोटं आणि तुझं खरं कसं गं? तू माझी मुलगी म्हणून?"

आई बोलली ते बिनतोड होते. सत्तावीस वर्षांत गेर्लिंडेला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"मुलगी म्हणून मुळीच नको," ती म्हणाली. "उद्या दुकानात ये. ठिपके तू दे. कुठला कशाचा, ते मला सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी तिने आईला पांढऱ्या भुकटीचा पातळ थर दिलेली काचेची पट्टी दिली, केसासारख्या बारीक चार नळ्या दिल्या आणि तीन बाटल्या : त्सिर्फासचे थेंब, फार्मसीतला साध्या मुळ्यांचा अर्क, आणि खऱ्या कॉर्टिसोनचे द्रावण. मग स्वतः बाहेर जाऊन उभी राहिली. ओटिलिएने शिसपेन्सिलीच्या रेघेवर, दर ठिपक्याला नवी नळी घेऊन, चार ठिपके दिले, एका बाटलीतला मुद्दाम दोनदा, कुठे काय ठेवले ते चिठ्ठीवर लिहिले आणि चिठ्ठी झग्याच्या खिशात कोंबली. पट्टी द्रावकाच्या भांड्यात उभी केली, वर झाकण ठेवले. अर्ध्या तासात द्रावक वर चढला. थरात जो पदार्थ जास्त अडकतो तो मागे राहतो, जो कमी अडकतो तो पुढे जातो. एकाच पट्टीवर, एकाच भांड्यात, एक पदार्थ दर वेळी तेवढ्याच उंचीला थांबतो.

पट्टी वाळवून गेर्लिंडेने खोलीत अंधार केला आणि अतिनील दिवा लावला. हिरवट उजेडात काळे डाग उठले.

"पहिला, दुसरा आणि चौथा यांत एक डाग सारख्या उंचीला आहे. तिसऱ्यात तो नाही. म्हणजे तिसऱ्यात नुसत्या मुळ्या. दुसऱ्यात एकच डाग, तेव्हा ते शुद्ध कॉर्टिसोन. पहिला आणि चौथा तुझ्या बाटलीतले, मुळ्या अधिक कॉर्टिसोन."

ओटिलिएने चष्मा लावून चिठ्ठी उलगडली आणि दोनदा वाचली.

"पुन्हा कर," ती म्हणाली.

"करतेच. दुसऱ्या द्रावकात. एकदा उंची जुळली म्हणून नाव घेऊन मोकळं व्हायचं नसतं."

पुन्हा जुळले. ओटिलिए स्टुलावर बसली.

"पण माझे गुडघे खरंच दुखत नाहीत गं."

"नाहीच दुखणार. औषध खरं आहे, आई. लेबल खोटं आहे. तेच औषध तुझी साखर चढवतंय, आणि ते आहे हेच कोणाला माहीत नाही." गेर्लिंडेने तिचा हात धरला. "आणि आता एकदम बंदही करायचं नाही, तेही धोक्याचं. डॉक्टरांकडे जाऊ. ते हळूहळू कमी करतील." बोलता बोलता तिलाच रडू आले.

पुढच्या बुधवारी हॉल पुन्हा भरला. हेर त्सिर्फास यांनी पेन पुढे केले, तेव्हा गेर्लिंडे उभी राहिली.

"मी माझ्या शिसपेन्सिलीनं ठिपका देते. हात माझाच आहे, चालेल ना?"

नाही म्हणायला त्यांना कारण सापडेना. पाणी चढले, ठिपक्यावरून पुढे गेले आणि ठिपका जागचा हलला नाही.

"अरेरे! ना पित्त, ना दाह. मी जिवंत आहे ना, हेर त्सिर्फास?"

हॉल हसला. मग तिने त्यांचेच काळे पेन टोकाकडून नव्या पट्टीवर नुसते पडू दिले आणि पट्टी पाण्यात बुडवली. त्या ठिपक्यातून पिवळा निघाला, गुलाबी निघाला, वर निळा निघाला.

"बघा, पेनाला पित्त झालंय. आणि मनातही काहीतरी राहून गेलंय बिचाऱ्याच्या!"

या खेपेला क्नॉलबाई सगळ्यांत मोठ्याने हसल्या.

"आमच्याकडे नवी मुलगी पहिल्या आठवड्यात हमखास पट्टीवर शाईची रेघ मारते," गेर्लिंडे म्हणाली. "शाई पळते, पट्टी वाया जाते आणि ती बोलणी खाते. मीही खाल्ली होती. काळी शाई तीन-चार रंग मिसळून करतात, पाणी त्यांना वेगळं करतं. इतकाच हा चमत्कार."

हेर त्सिर्फास घड्याळ बघत बाटल्या पेटीत भरू लागले. पण दारात डॉक्टर आणि जिल्ह्याचे औषध निरीक्षक उभे होते.

तेवढ्यात ओटिलिए उठली. गुडघा आता पुन्हा थोडा दुखू लागला होता, म्हणून तिने खुर्चीची पाठ धरली.

"ज्यांनी ज्यांनी थेंब घेतलेत त्यांनी आजच डॉक्टरांना सांगा. आणि मला कोणी मूर्ख म्हणू नका, तुम्हीही माझ्या शेजारीच बसला होतात." कोणी हसले नाही. "दुखायला लागलं की आपण सगळे विचारतो, का दुखतंय? मला बरं वाटायला लागलं, आणि मी एकदाही विचारलं नाही की कशानं. तेव्हाच विचारायचं असतं."